ज्यांच्यासमोर झालं, त्यांच्यासमोर

नानाखेडा, उज्जैन
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. मुक्ता,

तिळगुळाचा डबा वेगळा पाठवला आहे. त्याचा आणि या पत्राचा संबंध लावू नकोस. तिळगूळ मी मागच्या वर्षीही पाठवला होता. पत्र मात्र चौदा महिन्यांनी लिहिते आहे, आणि आज गोड बोलायचा दिवस असला तरी सगळंच गोड लिहिलं जाईल असं काही मला वाटत नाही.

तुझी तब्येत कशी आहे हे मला कळतं. दर रविवारी बाबांशी बोलतेस तेव्हा त्यांचं नुसतं 'हं, हं' स्वयंपाकघरात ऐकू येतं. पण तुझ्या बापाच्या 'हं'चे प्रकार मला एक्केचाळीस वर्षांच्या संसारात पाठ झाले आहेत. एक 'हं' खुशालीचं असतं, एक काळजीचं. मागच्या रविवारचं काळजीचं होतं. खोकला अजून असेल तर आडुळसा घे.

दिवाळी अंकातला तुझा लेख मी पूर्ण वाचला होता. तू फोन केलास तेव्हा 'वाचलं' एवढंच म्हणून मी रिसीव्हर ठेवला, त्यावरून तुला वाटलं असेल की अर्धवट वाचला. दोनदा वाचला. मग एका जुन्या साडीत गुंडाळून अलमारीत ठेवला. फाडला नाही. लेकीचं लिहिलेलं फाडत नाहीत.

'माझ्या आईने जमिनीवर बसून सांडलेला भात गोळा केला. तिच्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. नाही हा शब्द तिला कुणी शिकवलाच नव्हता. पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मी ठरवलं, मी अशी बाई होणार नाही.' हे तुझं वाक्य मला पाठ झालं आहे.

तू खोटं लिहिलंस असं मी म्हणत नाही. बाबांनी ताट फेकलं होतं. मी भात गोळा केला होता. पण तो अंक बाबांच्या सकाळी घुमायला जाणाऱ्या मंडळींत पोचला. कुणीतरी म्हणालं, "श्रीपादजी, बिटिया ने तो आपको अखबार में छाप दिया." तीन आठवडे ते घराबाहेर पडले नाहीत. भाजीसुद्धा मी आणत होते. मला राग कशाचा आला, हे तुला तेव्हा कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आज लिहायचं कारण असं की काल नंदा आली होती. आपल्या महिला मंडळाची नवी सचिव, पन्नाशीची असेल, फार उत्साही. आठ मार्चला त्यांना माझा सत्कार करायचा आहे. कशाबद्दल, तर तुझ्या लेखाबद्दल. "काकू, तुम्ही किती सोसलंत हो," असं म्हणून तिने माझा हात हातात घेतला. मी तिला चहा दिला. अजून हो म्हटलेलं नाही.

आई


नानाखेडा
६ फेब्रुवारी २०२५

चि. मुक्ता,

तुझं उत्तर नाही. बरं आहे, मला बोलायला मोकळीक मिळाली.

तू लेखात लिहिलं आहेस की आई जन्मभर सगळ्यांच्या शेवटी जेवली. खरं आहे. पण जी रांधते तिला माहीत असतं भांड्यात काय उरलंय. तुझ्या आजीला मऊ भात लागायचा, बाबांना घाई, तुला वरणावर तूप. हे सगळं उरकल्यावर मी आणि आजी दोघी निवांत बसायचो. घरातल्या साऱ्या गोष्टी त्या ताटांवर व्हायच्या, तुझं नावही तिथंच ठरलं. मी उपाशी होते असं तुला कुणी सांगितलं?

तू लिहिलंस की बाबांनी मला नोकरी सोडायला लावली. ती शाळेची नोकरी मी स्वतः सोडली. एका खोलीत सत्तर पोरं आणि एक खडू. मला ती आवडत नव्हती. बाबा तर म्हणाले होते, अजून एक साल कर.

मी डोक्यावरून पदर घेते. सासूबाई गेल्या तरी घेते. सोमवारी महाकालला जाते, चतुर्थी करते, आणि पुरुषाने घराबाहेरचं व बाईने घरातलं बघावं हे मला आजही बरोबर वाटतं. तू अनयबरोबर लग्न न करता राहतेस, ते मला पटत नाही. अनय मुलगा चांगला आहे, हा मुद्दाच नाही. तुमच्या स्त्रीवादात बाईला बसायला दोनच जागा दिसतात. एक सोसणारीची, दुसरी बंड करणारीची. मी पाटावर बसणारी बाई. मला कुठं बसवायचं हे तुम्हाला कळलं नाही म्हणून तू मला पहिल्या जागेवर बसवून टाकलंस.

रामघाटावर मी कितीतरी बायका बघते. नवऱ्याच्या मागे चार पावलं चालतात, आणि मागूनच सांगतात, इधर नहीं, उधर चलो. तो वळतो. मी नंदाला हेच सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, ये भी तो सोचने की बात है की मागूनच का?" तीही चूक नाही. मला हसू आलं.

सत्काराला हो म्हटलं आहे. नंदाने चार वेळा चक्कर मारली, तिचं मन मोडवेना. बाबा म्हणाले, "जा तू. मीही येतो." मी म्हटलं, तुम्ही कशाला? तर म्हणाले, "का, मला काही शरम आहे का?" आहे, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

आई


नानाखेडा
९ मार्च २०२५

चि. मुक्ता,

कालचा कार्यक्रम झाला. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

हॉल भरला होता. मी हिरवी इरकल नेसले होते. बाबा तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मला स्टेजवर बसवलं, समोर टेबलावर शाल, श्रीफळ आणि काचेचं एक स्मृतिचिन्ह. त्याच्यावर सोनेरी अक्षरांत 'त्यागमूर्ती सौ. विनोदिनी'.

नंदा माइकवर आली आणि तिने तुझा लेख वाचायला घेतला. मला वाटलं होतं, चार ओळी वाचेल. तिने ताटाचा अख्खा प्रसंग वाचला. चांगलं वाचते ती, आवाजात चढउतार करून. वाट्या घरंगळल्या तिथं ती थांबली. बायका डोळे पुसायला लागल्या. आणि मग हळूहळू एकेक मान तिसऱ्या रांगेकडे वळली.

बाबा समोर बघत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत बसल्यासारखे. उठून गेले असते तर मला इतकं लागलं नसतं.

मी उठले. मला भाषण येत नाही, तुला माहीत आहे. मी नंदाला म्हटलं, "बाई गं, थांब जरा." माइक माझ्यासाठी फार उंच होता, तो कुणीतरी खाली केला. मी म्हटलं, "मुलीने लिहिलं ते तिने पाहिलं तेवढं आहे. मी ती बाई नाही. ही शाल मला देऊ नका. आणि मूर्ती तर मुळीच म्हणू नका, मूर्ती व्हायला मला अजून अवकाश आहे."

थोडा हशा पिकला. मग मी म्हटलं, "माझे यजमान इथं बसले आहेत. ज्याच्याबद्दल वाचायचं, तो समोर असेल तर आधी त्याला विचारावं. एवढी रीत आपल्यात आहे."

नंदाचा चेहरा उतरला. एक बाई मागून म्हणाल्या, "म्हणजे अजूनही नवऱ्यालाच वाचवताय?" त्यांचा प्रश्न अगदीच बिनबुडाचा नव्हता. नारळ तेवढा घेतला. नारळाला नाही म्हणत नाहीत.

परत येताना ऑटो नानाखेड्याच्या चौकात पोचली. बाबा म्हणाले, "पुढचं का नाही सांगितलंस? पूरा किस्सा तर तुझ्याच बाजूचा होता."

"तो माझ्या एकटीचा नाही," मी म्हटलं.

"मुक्ताला तरी सांग. तिला माहीत नाही म्हणून तर तिनं असं लिहिलं."

"तुम्ही सांगा की."

"माझ्याच्यानं होणार नाही, विनू. तू लिही. मी सांगतोय, लिही."

ऑटोवाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं. विनू मला त्यांनी फार वर्षांनी म्हटलं.

आई


नानाखेडा
१९ मार्च २०२५, रंगपंचमी

चि. मुक्ता,

बाहेर सगळी कॉलोनी रंगली आहे. बाबा निळेजांभळे होऊन आले, आता न्हाणीघरात आहेत. तेवढ्यात लिहायला बसते.

११ मे १९९६. साहेब, त्यांच्या मिसेस आणि बाबांच्या ऑफिसातले दोघे जेवायला आले होते. बाबांच्या प्रमोशनचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. आमटीत मीठ दुप्पट पडलं. साहेब हसून म्हणाले, "क्या श्रीपादजी, आज तो समंदर परोस दिया." मिसेसही हसल्या. बाबा लाल झाले, आणि स्वतःचं वाढलेलं ताट त्यांनी उचलून स्वयंपाकघराच्या दाराकडे फेकलं. पुढचं तू लिहिलंच आहेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला मामाबरोबर देवासला पाठवलं, सुट्टी होतीच. तू परत आलीस ती शाळा उघडताना. मधलं तुला माहीत नाही.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला, तुझ्या आजीचं ताट वाढलं. बाबांचं वाढलं नाही. ते पाटावर बसून होते. मी सांगितलं, "अन्न झाकून ठेवलंय. घरात अन्न आहे, कुणी उपाशी राहायचं कारण नाही. पण तुमचं ताट मी वाढणार नाही. ज्यांच्यासमोर झालं, त्यांच्यासमोर तुम्ही बोलाल, त्या दिवशी वाढीन."

बाबा उठून गेले. दोन दिवस बाहेर कचोऱ्या खाल्ल्या. मी त्यांचे कपडे धुतले, इस्त्री केली, ते आजारी पडले असते तर पायही चेपले असते. माहेरी गेले नाही, रडले नाही, शेजारी कुणाला कळू दिलं नाही. पण ताट नाही, आणि डबा नाही.

मला भीती कुणाची होती, तर तुझ्या आजीची. अनसूयाबाई म्हणजे काय प्रकरण होतं, तुला आठवतं. मला वाटलं, आता ह्या मला घराबाहेर काढतात. तिसऱ्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात आले आणि इकडेतिकडे शोधायला लागले.

"आई, वाटी कुठंय?"

"मला काय विचारतोस," आजी जपमाळ ओढत म्हणाल्या. "माझं ताट ती वाढते. मला ठाऊक नाही."

"तू तिला काही बोलत का नाहीस?"

"काय बोलू? आमटीत मीठ मीपण घातलं होतं. तिला सांगायला विसरले. आता माझ्या अंगावर एक ताट फेक, म्हणजे बरोबर होईल."

बाबांना वाटी सापडली नाही. त्यांनी पेल्यात आमटी घेतली आणि ओट्याशी उभ्यानं जेवले. मी भाजी चिरत होते. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. हात थांबला होता, पण उठले नाही.

आजींनी मला एकदाच विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "ते ठरवतील तितके." त्यांनी मान हलवली, पुन्हा विषय काढला नाही. ज्या सासूला तू लेखात 'घरातली दुसरी भिंत' म्हटलंस ना, ती ही.

सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी बाबांनी त्याच चौघांना जेवायला बोलावलं. मी पुरणपोळी केली. पानं मांडली, सगळे बसले. बाबा बसले नाहीत. उभं राहून हिंदीत म्हणाले, "सर, उस दिन मैंने बहुत गलत किया. अन्न का भी अपमान किया और इनका भी. आप लोगों के सामने किया था, इसलिए आप लोगों के सामने माफी मांगता हूं." आणि माझ्याकडे वळून हात जोडले.

साहेब खाली बघायला लागले. मिसेसनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही आठवते, हेवा होता तिच्यात. मी आत गेले, ताट आणलं आणि बाबांना वाढलं.

प्रमोशन त्या वर्षी झालं नाही. पुढच्या वर्षी झालं. पण त्यानंतर या घरात भांडं आपटल्याचा आवाज आला नाही. आमटी खारट असली तर बाबा आधी भात जास्त घेतात, मग हळूच विचारतात.

तू म्हणशील, मग हे मला का नाही सांगितलं? मुली, बापाने मान खाली घातली, हे लेकीला सांगत नाहीत. त्यांनी हिशेब पुरा केला होता. पुरा झालेला हिशेब मी पुन्हा कशाला उघडू? मला त्यात माझी जीत नाही दिसली. मला ते ज्याच्या-त्याच्या जागी परत आलेलं दिसलं. ह्याला तुम्ही स्त्रीवाद म्हणत असाल तर म्हणा. मला त्या वेळी तो शब्द लागला नाही.

बाबांनी हे पत्र वाचलं आहे. एका ठिकाणी म्हणाले, पेला नव्हता, गिलास होता.

आई


नानाखेडा
२२ एप्रिल २०२५

चि. मुक्ता,

तुझं सहा पानी पत्र आलं. माझ्या पत्राने तू रडलीस, हे वाचून मला बरं वाटलं आणि मग पुढची पानं वाचून मीच रडले. फिट्टंफाट झाली.

तुझा प्रश्न असा आहे. 'आई, तुला जर एवढं कळत होतं, तर २०१० साली माझ्या वेळी काय झालं?'

पहिलं उत्तर मी चार पानं लिहिलं होतं. त्यात होतं की तो काळ वेगळा होता, स्थळ चांगलं होतं, इंदूरचं होतं, आजी आजारी होत्या. काल ते फाडलं. स्वतःचं लिहिलेलं फाडायला हरकत नाही.

झालं ते असं झालं. मुलाकडचे पाच जण दिवाणखान्यात बसले होते. तू तेवीस वर्षांची, एम.ए. झालेली. मुलाची आत्या म्हणाली, "उठून जरा चालून दाखव, फोटोत उंची कळत नाही." तू म्हणालीस, "मी बाजारातली म्हैस नाही," आणि आत निघून गेलीस. मी तुझ्यामागे आले. तू कपाटाला टेकून उभी होतीस. मी तुला जवळ घेतलं नाही. म्हटलं, "दोन मिनिटं गिळून टाक. सगळं आयुष्य जायचंय." तू हलली नाहीस. मग मी बाहेर गेले आणि त्या आत्यापुढे हात जोडून तुझ्या वतीने माफी मागितली.

तू लिहितेस, 'त्या दिवशी तू त्यांची माफी मागितलीस. माझी कधीच नाही.' महिन्याभरात तू पुण्याला गेलीस. मी सगळ्यांना सांगत राहिले की पोरगी शिकायला गेली.

मुक्ता, मी भ्याले होते. माझ्या स्वतःसाठी मी भ्याले नव्हते, कारण माझ्या पायाखाली माझं घर होतं, माझ्या मागे सासू बसली होती. तुझ्यासाठी भ्याले. वाटलं, हिचं घर होण्याआधीच मोडेल. आणि जिच्या मागे मी बसायला हवं होतं, तिच्या समोर जाऊन उभी राहिले. तुझ्या आजीने माझ्यासाठी जे केलं ते मी तुझ्यासाठी केलं नाही. त्यांनी तर लेकाविरुद्ध केलं, मला परक्यांविरुद्धसुद्धा जमलं नाही.

आणखी एक आहे. मी ते सतरा दिवस लपवले. मला वाटलं मी घराची अब्रू राखते आहे. पण तुझ्या डोळ्यांपुढे भात गोळा करणारी आईच राहिली. ताट न वाढणारी आई तू पाहिलीच नाहीस. मग आत्या म्हणाली चाल, तेव्हा 'नाही' म्हणायला तू कुणाकडून शिकलीस? माझ्याकडून नाही. तू ते एकटीने शिकलीस. ह्याचं मला वाईट वाटतं, आणि थोडा गर्वही वाटतो. दोन्ही लिहून ठेवते.

मी तुझी माफी मागते. ते इंदूरचे लोक कुठं असतील देव जाणे. त्या दिवशी त्या खोलीत असलेल्यांपैकी बाबा तेवढे माझ्याजवळ आहेत. त्यांना समोर बसवलं, हे पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग पाकिटात घातलं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मीही तिथंच होतो. माझंही नाव घाल." तेव्हा त्यांचंही घालते.

आई
आणि बाबा


नानाखेडा
२५ मे २०२५

चि. मुक्ता,

परवा फोनवर दीड तास बोललो. कान दुखला. इतकं सगळं बोलूनही मुख्य गोष्ट राहून गेली, म्हणून लिहिते.

मी पुण्याला येते आहे. चार जूनला निघते, पाचला पोचेन. पंधरा दिवस राहीन. बाबा येणार नाहीत. त्यांना मी खिचडी आणि पोळ्यांचं शिकवते आहे. पोळी नकाशासारखी होते पण भाजलेली असते. एक्केचाळीस वर्षांत मी एकटी इतकी लांब पहिल्यांदा निघते आहे. हे स्वातंत्र्य वगैरे समजू नकोस. मला तुझं घर बघायचं आहे.

आधीच सांगते म्हणजे तिथं वाद नको. अनयला मी अनय म्हणेन, जावई म्हणणार नाही. तुमचं मला अजून पटलेलं नाही आणि बहुतेक पटणारही नाही. पण त्याच्या हातचा चहा पिईन. दहा तारखेला वटपौर्णिमा आहे. उपास करणार. जवळपास वड असेल तर रस्ता दाखव, मी एकटी जाऊन येईन. हसू नका म्हणजे झालं.

येताना शेव आणते. अजून काही हवं असल्यास बाबांना सांग, त्यांचं 'हं' मी समजून घेईन.

आई


पुणे
११ जून २०२५

श्री. श्रीपादराव यांस,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती, तेव्हा सुरुवात कशी करतात ते मला माहीत नाही. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही अर्ध्यातच ठेवून देता.

इथं सगळं ठीक आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, हवेशीर. स्वयंपाक अनय करतो. पहिल्या दिवशी मला हात लावू दिला नाही, तर मला दिवसभर करमलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, बाबा रे, मला काहीतरी निवडायला दे. आता सकाळी भाजी मी निवडते, फोडणी तो देतो. मुक्ता कॉलेजातून आली की तिघं एकदम जेवतो. मला अजून सवय नाही. पहिला घास घेताना मी सगळ्यांच्या ताटांकडे बघते. मुक्ताच्या ते लक्षात आलं. तिने भात माझ्याकडे सरकवला.

काल वटपौर्णिमा झाली. मुक्ता रजा काढून माझ्याबरोबर आली. तिने पूजा केली नाही, मी म्हटलंही नाही. माझं तबक धरून बाजूला उभी होती. एका बाईने तिला विचारलं, "तुम्ही नाही का करत?" तर म्हणाली, "मी मानत नाही. ही माझी आई, ती मानते." इतकं सरळ सांगितलं की ती बाई आपल्या फेऱ्यांना लागली. मी सात फेरे घातले. लेक आपल्यासारखी झाली नाही, याचं मला मनात जे टोचायचं, ते काल टोचलं नाही.

आता कामाचं. तिने नवा लेख लिहिला आहे. छापायच्या आधी मला वाचायला दिला आणि हातात पेन्सिलही दिली. आम्ही एका शब्दावरून तासभर भांडलो. तिने लिहिलं होतं, 'आईने बंड केलं.' मी म्हटलं, काट. ती म्हणाली, मग काय म्हणू? मी म्हटलं, 'आई अडून बसली' असं लिही. ती म्हणाली, अडून बसणं म्हणजे हट्ट. मी म्हटलं, असू दे हट्ट. अनय मध्ये पडला, त्याला आम्ही दोघींनी गप्प केलं. शेवटी तिने माझा शब्द ठेवला, आणि पुढच्या ओळीत तिचं म्हणणं लिहिलं की आई ह्याला बंड म्हणत नाही, मी म्हणते. मला ते चाललं. इंदूरच्या लोकांचा भागही त्यात आहे, मी हात जोडले ते सगळं आहे. मी पेन्सिल लावली नाही.

तुमचा भाग तुम्हाला विचारल्याशिवाय छापायचा नाही, हे तिनेच सांगितलं, मी सुचवलं नाही. म्हणून रविवारी सकाळी दहाला ती तुम्हाला फोन करेल. पत्र तोवर पोचावं म्हणून स्पीड पोस्टने पाठवते आहे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, ती ऐकेल. पण तिला आणखी एक विचारायचं आहे. त्या अठराव्या दिवशी साहेबांसमोर उभं राहताना तुम्हाला काय वाटत होतं?

तिने मला विचारलं, तर मला सांगता येईना. एकोणतीस वर्षांत मी तुम्हाला हे कधी विचारलंच नाही. माझं मला परत मिळालं होतं, मी तेवढ्यावर उठून ताट वाढायला गेले.

तेव्हा नुसतं 'हं' म्हणू नका. नीट, सावकाश सांगा. फोन स्पीकरवर असेल, मी शेजारीच बसणार आहे.

तुमची
विनू